‘योनी’ म्हणजे नेमकं काय? शब्दाचा अर्थ, वापर आणि उगम

विचारलेलं थोडक्यात असं आहे: योनी हा शब्द गीतेत येतो, चौऱ्यांशी लक्ष योनींत येतो, पत्रिका जुळवताना येतो आणि स्त्रीरोगतज्ज्ञाच्या केसपेपरवरही येतो. हे सगळं एकच का? बाईच्या शरीरात योनी म्हणजे नेमका कोणता भाग? आणि हा शब्द चारचौघांत उच्चारावा की नाही? जोडीला ऱ्हस्व-दीर्घाचीही एक शंका आहे.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, संस्कृत हौसेने वाचते. त्यामुळे शब्दाच्या इतिहासात थोडं रमेन, पण माझा जीव अडकलाय तो तपासणीच्या खोलीत या शब्दाचं काय होतं त्यात.

आधी सरळ उत्तर. संस्कृतात ‘योनि’ म्हणजे जिथून काही निघतं, जिथे ते मुळात असतं ती जागा. स्त्रीच्या अवयवाचं नाव हा त्याच अर्थाचा एक उपयोग. आज मराठीत नुसतं ‘योनी’ म्हटलं की काही लोकांना बाहेरून दिसणारा भाग अभिप्रेत असतो, काहींना आतला मार्ग, तर काहींना दोन्ही मिळून सगळंच. वैद्यकात म्हणून आम्ही तो शब्द एकटा वापरायचं टाळतो. आतल्या मार्गाला ‘योनिमार्ग’, त्याच्या बाहेरच्या तोंडाला ‘योनिमुख’ आणि बाहेरच्या सगळ्या भागाला ‘भग’ किंवा ‘बाह्य जननेंद्रिय’ म्हणतो.

आता उगम. ‘यु’ या धातूला ‘नि’ प्रत्यय लागून योनि होतो. ग्लानी, हानी, श्रेणी हे शब्द याच साच्यातले, आणि आमच्या कामातला श्रोणी, म्हणजे कटीचा भाग, तोही. ‘यु’ म्हणजे मिसळणे, जोडणे. त्यावरून ‘जिथे दोन गोष्टी एकत्र येतात ती योनी’ अशी फोड बहुतेक ठिकाणी वाचायला मिळते. यास्काने निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांची फोड करणाऱ्या प्राचीन ग्रंथात, मात्र वेगळी वाट धरली आहे. तो आधी योनीचा अर्थ अंतरिक्ष असा देतो, कारण ते वाऱ्याने वेढलेलं आहे. आणि मग म्हणतो की स्त्रीची योनीही तशीच ‘परियुत’, सगळीकडून वेढलेली, म्हणून तिला ते नाव. व्युत्पत्ती म्हणून कोणती बरोबर हे वैयाकरणांनी ठरवावं. शरीररचना शिकलेल्या माणसाला यास्काची फोड जास्त भावते, कारण हा अवयव खरोखरच पुढे मूत्राशय आणि मूत्रमार्ग, मागे गुदाशय आणि खालून स्नायूंचा पट्टा अशा वेढ्यात बसलेला असतो.

वेदात या शब्दाला लाजेचा वासही नाही. निघंटूमध्ये, म्हणजे वैदिक शब्दांच्या जुन्या यादीत, घराची जी २२ नावं दिली आहेत त्यांत योनि आहे. पाण्याच्या नावांतही आहे. ऋग्वेदात अग्नीला सांगितलं आहे की ही तुझी ऋतूनुसार ठरलेली योनी, जिच्यातून जन्मून तू प्रकाशलास. तिथे शब्द आहेत ‘अयं ते योनिः’, म्हणजे चक्क पुल्लिंगी. पुढे संस्कृतात तो दोन्ही लिंगांत चालू लागला आणि मराठीत येईपर्यंत पूर्ण स्त्रीलिंगी झाला. ब्रह्मसूत्रांतलं तिसरंच सूत्र ‘शास्त्रयोनित्वात्’ असं आहे. तिथे योनी म्हणजे उगम किंवा प्रमाण. ब्रह्मदेवाला पद्मयोनी म्हणतात, कारण तो कमळातून झाला. सामवेदात ज्या ऋचेवर गाणं बसवलं जातं त्या ऋचेला त्या सामाची योनी म्हणतात. सीता आणि द्रौपदी अयोनिजा, कारण त्या गर्भातून जन्मल्या नाहीत. गीतेच्या चौदाव्या अध्यायात ‘मम योनिर्महद्ब्रह्म’ म्हणताना गर्भाधानाचंच रूपक आहे, आणि पुढच्याच श्लोकात ‘सर्वयोनिषु’ म्हणताना अर्थ सरकून ‘सगळ्या जीवजातींत’ असा झालेला दिसतो. एका श्लोकाच्या अंतरात शब्द अवयवावरून जातीवर गेला.

चौऱ्यांशी लक्ष योनी त्याच दुसऱ्या अर्थाने. जन्म ज्या प्रकारच्या देहातून होतो तो प्रकार म्हणजे योनी. प्रचलित हिशेबात जलचर ९ लाख, स्थावर म्हणजे झाडंझुडपं २० लाख, कृमिकीटक ११ लाख, पक्षी १० लाख, पशू ३० लाख आणि माणसं ४ लाख. संतवाङ्मयातला ‘चौऱ्यांशीचा फेरा’ तो हाच. मनुष्ययोनी, पशुयोनी, प्रेतयोनी हे शब्द आपण आजीच्या तोंडून बिनदिक्कत ऐकलेले असतात, आणि त्याच आजीला दवाखान्यात तो शब्द नकोसा होतो.

पत्रिकेतल्या ३६ गुणांपैकी योनीचे ४ असतात. त्या योनी १४, प्रत्येक नक्षत्राला एका प्राण्याची: अश्व, गज, सर्प, मार्जार वगैरे. नावावरून काही जोडपी घाबरतात, म्हणून एवढंच सांगते की त्या ४ गुणांचा कोणाच्याही शरीराच्या तपासणीशी किंवा मूल होण्या-न होण्याशी संबंध नाही.

आयुर्वेदात शब्द परत शरीराकडे येतो, पण आजच्यापेक्षा बराच मोठा होऊन. सुश्रुताने योनीचं वर्णन शंखाच्या नाभीसारख्या आकाराची, तीन आवर्तांची, म्हणजे वळशांची, असं केलं आहे आणि तिसऱ्या आवर्तात गर्भशय्या आहे असं म्हटलं आहे. म्हणजे त्याच्या लेखी योनी ही बाहेरच्या तोंडापासून गर्भाशयापर्यंतची पूर्ण वाट. चरक आणि सुश्रुत दोघेही २० योनिव्यापद्, म्हणजे योनीचे विकार, सांगतात. ती यादी वाचली की लक्षात येतं, की पाळीच्या तक्रारी, गर्भ न राहणं, वारंवार गर्भपात, अवयव जागेवरून खाली सरकणं, जळजळ, खाज, संबंधाच्या वेळी दुखणं हे सगळं त्यांनी एकाच नावाखाली ठेवलं होतं. आजच्या शास्त्रात यांतले निम्मे आजार गर्भाशयाचे आणि बीजकोशाचे. म्हणून जुन्या ग्रंथातला ‘योनिरोग’ उचलून आजच्या ‘योनिमार्गाचा आजार’ या खणात बसवला, की अर्थाचा घोटाळा होतो. आयुर्वेदाच्या मराठी पुस्तकांत आणि इंटरनेटवरच्या लेखांत हा घोटाळा मी सतत पाहते.

‘भग’ या शब्दाची कथा तर आणखी गमतीची. ‘भज्’ म्हणजे वाटणे, वाटा मिळणे. त्यावरून भग म्हणजे वाट्याला आलेलं वैभव, भाग्य. भग नावाचा वैदिक देवही आहे. भगवान, भगवती, भाग्य ही सगळी त्याच कुळातली मंडळी. त्याच शब्दाने स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियाचं नाव घेतलं गेलं. ‘भगंदर’ हा गुदाजवळच्या नळीसारख्या जखमेचा आजार. सुश्रुत म्हणतो की तो भग, गुद आणि बस्ती (मूत्राशय) यांचा प्रदेश फोडतो म्हणून हे नाव. पुरुषालाही होणाऱ्या आजाराच्या नावात भग आहे, याचं त्या काळी कुणाला काही वाटलं नसावं.

लॅटिनमध्येही असंच सरकणं झालं आहे. ‘व्हल्वा’ म्हणजे प्राचीन रोममध्ये गर्भाशय. सेल्सस नावाचा रोमन वैद्यक-लेखक तो त्याच अर्थाने वापरतो. पुढे शब्द घरंगळत बाहेर आला आणि आज बाह्य जननेंद्रियाला लागला. ‘व्हजायना’ म्हणजे तलवारीचं म्यान. शरीरशास्त्राच्या पुस्तकात अवयवाचं नाव म्हणून तो सतराव्या शतकात रुळला. त्याआधी या भागाला बरेचदा गर्भाशयाची मान समजत. म्यान हे नाव ज्यांनी दिलं त्यांनी कुणाच्या बाजूने बघितलं ते उघड आहे. ‘व्हॅनिला’ हा शब्दही स्पॅनिशमधून याच मुळाचा, कारण त्याच्या शेंगेला ‘छोटं म्यान’ म्हटलं गेलं. तिसरा लॅटिन शब्द ‘प्युडेंडम’, म्हणजे ज्याची लाज वाटावी ते. शरीररचनेच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय यादीच्या २०१९ च्या आवृत्तीतून तो काढला गेला, तरी त्या भागाच्या मज्जातंतूच्या नावात तो अजून टिकून आहे. आपलं ‘गुह्यांग’ त्या मानाने सौम्य. ते फक्त झाकलेलं म्हणतं.

इंग्रजीत ‘योनी’ शब्द पसरला त्यात वात्स्यायनाच्या कामसूत्राच्या १८८३ मधल्या इंग्रजी भाषांतराचा मोठा हात आहे. भाषांतरकारांना अश्लीलतेच्या खटल्याची भीती होती, म्हणून त्यांनी अवयवांसाठी संस्कृत शब्द घातले. मूळ ग्रंथात मात्र त्या जागी बहुतेक वेळा ‘जघन’ (कमरेखालचा भाग) यासारखे शब्द आहेत. त्या भाषांतराची सावली अजून हटलेली नाही. पाश्चात्त्य बाजारात ‘योनी स्टीम’ आणि ‘योनी एग’ (आत ठेवायचा अंड्याच्या आकाराचा खडा) नावाने जे विकलं जातं त्याला ‘प्राचीन भारतीय’ असा शिक्का याच शब्दामुळे मिळतो. वाफेबद्दल सांगायचं तर, कॅनडातल्या स्त्रीरोगशास्त्राच्या नियतकालिकात २०१९ साली एका ६२ वर्षांच्या बाईंना अशा वाफेने भाजल्याची नोंद छापून आली आहे. आयुर्वेदात योनिधूपन (औषधी धुरी) आहे, पिचू (औषधात भिजवलेला कापसाचा बोळा) आहे. पण ते वैद्याने कारण बघून करायचे उपचार आहेत, रविवारचा सौंदर्यकार्यक्रम नव्हे.

आता माझ्या कामाकडे येते. मराठी बायका तपासणीच्या खोलीत ‘योनी’ जवळजवळ म्हणतच नाहीत. त्या म्हणतात ‘खाली’, ‘लघवीच्या जागी’, ‘अंगावरून जातंय’, ‘अंग बाहेर येतंय’, ‘पिशवीच्या तोंडाला सूज’. यांतले काही शब्द इतके चपखल आहेत की मला ते सोडवत नाहीत. ‘अंग बाहेर येणे’ हे गर्भाशय किंवा योनिमार्गाची भिंत खाली सरकल्याचं अचूक वर्णन आहे. बाई जे बघते तेच ती सांगते. पण ‘अंगावरून जातंय’ धोक्याचं आहे. ते पांढऱ्या स्रावालाही म्हणतात आणि रक्तालाही. पस्तिशीतल्या बाईचं पांढरं जाणं आणि पाळी बंद होऊन पाच वर्षं झालेल्या बाईचं लाल जाणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या बाबतीत गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची शक्यता तपासावीच लागते, मग ते एकदाच गेलेलं असो की फक्त डाग असो. त्यामुळे रंग विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही हे मी प्रत्येक शिकाऊ डॉक्टरला सांगते.

‘लघवीची जागा’ हा दुसरा गोंधळ. पुढून मागे तीन वेगळी छिद्रं आहेत: मूत्रमार्गाचं, योनिमार्गाचं आणि गुदद्वार. पहिली दोन वेगळी आहेत हे शिकल्यासवरलेल्या बायकांनाही कधीकधी माहीत नसतं. मग ‘लघवीच्या जागी जळजळतं’ यावर मूत्रसंसर्गाचं औषध चालू होतं आणि मूळ त्रास योनिमुखाच्या त्वचेचा निघतो. लघवी करताना आत जळजळ होते, की लघवी बाहेरच्या त्वचेला लागल्यावर झोंबते, एवढा एक प्रश्न विचारला तरी बराच उलगडा होतो.

तिसरा गोंधळ औषधाच्या चिठ्ठीवरचा. ‘योनीला लावा’ असं लिहिलं, तर मलम बाहेर लावायचं की आत घालायचं? बुरशीच्या संसर्गासाठी औषध बहुधा आत, योनिमार्गात, ठेवावं लागतं. उलट लायकेन स्क्लेरोसस नावाचा, त्वचा पांढरी आणि पातळ करणारा खाजेचा आजार बाहेरच्या त्वचेचा. तो सहसा योनिमार्गात शिरत नाही, त्याचं मलम बाहेरच लावायचं. दोन्हीकडे बाई म्हणते ‘खाज येते’. आत ठेवायची गोळी पाण्याबरोबर गिळल्याची उदाहरणं आहेत आणि त्यात त्या बाईंची चूक नसते. म्हणून चिठ्ठीवर ‘योनिमार्गात आत ठेवणे, रात्री झोपताना, गिळू नये’ असं पूर्ण लिहावं. लाजून संक्षेप करू नये.

चौथा, ‘मुख’ या शब्दाचा. योनिमुख म्हणजे बाहेरचं तोंड. गर्भाशयमुख म्हणजे योनिमार्गाच्या वरच्या टोकाला आत डोकावणारा गर्भाशयाचा खालचा भाग, बायकांच्या भाषेत पिशवीचं तोंड. कर्करोगाचा धोका आधीच ओळखण्यासाठी केली जाणारी पॅप तपासणी आणि एचपीव्ही (विषाणूची) तपासणी ही त्या आतल्या तोंडाची. रिपोर्टवर ‘मुख’ एवढंच वाचून घरी ‘योनीचा कॅन्सर’ अशी बातमी पोचते. योनिमार्गाचा आणि भगाचा कर्करोग असतो, पण दोन्ही गर्भाशयमुखाच्या मानाने बरेच दुर्मीळ आहेत.

तर मग नेमकी रचना. योनिमार्ग ही स्नायूंची लवचीक नळी. पुढची भिंत साधारण ७ ते ७.५ सेंटिमीटर, मागची ९ च्या आसपास. एरवी दोन्ही भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात. आत कायम पोकळी नसते. भिंतीवर आडव्या वळ्या असतात, त्यामुळे बाळंतपणात ती ताणली जाऊ शकते. भिंतीत स्वतःच्या ग्रंथी नाहीत. ओलावा रक्तवाहिन्यांतून पाझरलेल्या द्रवाचा आणि गर्भाशयमुखातल्या स्रावाचा. पाळीच्या वयात आतलं वातावरण आंबट असतं, सामू (pH) ३.८ ते ४.५. ते लॅक्टोबॅसिलस जिवाणूंमुळे, ज्यांचं वर्णन अल्बर्ट डोडरलाइन यांनी १८९२ मध्ये केलं. साबण, सुगंधी द्रव आणि आतून पाण्याचा फवारा यांनी ते बिघडतं. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुवावा, आतला धुवायचाच नाही.

बाहेरच्या भागात मोठे ओष्ठ, लहान ओष्ठ, शिश्निका (क्लिटोरिस), मूत्रमार्गाचं छिद्र आणि योनिमुख. लहान ओष्ठ दोन्ही बाजूंनी सारखे नसणं, बाहेर दिसणं, रंगाने गडद असणं हे सगळं नेहमीचं. शिश्निकेचं जे टोक दिसतं तो तिचा छोटा हिस्सा. बाकीची ती आत दोन बाजूंना पसरलेली असते. ऑस्ट्रेलियातल्या हेलन ओ’कॉनेल यांनी १९९८ मध्ये तिची तपशीलवार रचना पुन्हा मांडली, तोवर बहुतेक पाठ्यपुस्तकांत तिला दोन ओळी मिळत.

योनिपटलाबद्दल वेगळं लिहावं लागतं. काही जुन्या पुस्तकांत त्याला ‘कौमार्यपटल’ म्हटलं आहे, आणि त्या नावाने फार नुकसान केलं आहे. तो योनिमुखाच्या कडेचा पातळ पडदा. सहसा त्याला आधीच छिद्र असतं, आकार बाईगणिक वेगळा, काहींत नावालाच. पहिल्या संबंधाच्या वेळी रक्त येतंच असं नाही. पटल बघून संबंध आला आहे की नाही हे सांगता येत नाही; जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये कौमार्य तपासणी बंद करण्याचं आवाहन केलं ते यासाठीच. ‘कौमार्यपटल’ हे नाव डॉक्टरांनी तरी सोडून द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

चारचौघांत उच्चारावा का? ‘योनी’ ही शिवी नाही. शिवीत वापरले जातात ते बोलीतले शब्द वेगळे. वैद्यकीय बोलण्यात, वर्गात, बातमीत, पोलिसांच्या जबाबात तो सरळ वापरावा. दोन-तीन वर्षांच्या मुलीला आंघोळीच्या वेळी नाक, कान, गुडघा शिकवताना याही भागाचं नाव शिकवावं. घरात ‘शूची जागा’ म्हणत असाल तर चालेल, पण सोबत खरं नावही तिला कळू द्या. तिला तिथे दुखलं, लागलं किंवा कुणी हात लावला, तर ती नेमकं सांगू शकेल आणि ऐकणाऱ्यालाही ते कळेल. डॉक्टरकडे बोलताना शब्द सुचला नाही तर बोटाने दाखवा, किंवा ‘आत’, ‘बाहेर’, ‘पुढे’, ‘मागे’ एवढं तरी सांगा. आम्हाला त्यावर काम करता येतं.

राहिली ऱ्हस्व-दीर्घाची शंका. मराठीत तत्सम इकारान्त शब्द एकटा असताना शेवटी दीर्घ, म्हणून ‘योनी’. समासात पहिलं पद असताना मूळ ऱ्हस्व राहतो: योनिमार्ग, योनिमुख, योनिपटल. अनेकवचनही ‘योनी’च. ‘योनीमार्ग’ हे रूप पाट्यांवर आणि रिपोर्टांवर सर्रास दिसतं. अर्थाला त्याने काही इजा होत नाही, पण प्रमाण लेखन ‘योनिमार्ग’.